करंट की पेट्रोल?

घाटकोपर–मानखुर्द लिंक रोडवर मे महिन्याच्या दुपारी एखादी जुनी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बंद पडली, की बघे पाच मिनिटांत जमतात आणि दहा मिनिटांत त्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो पेट्रोल येत नाही, दुसरा म्हणतो करंट येत नाही. वाद रंगात येईपर्यंत अर्धा तास जातो, इंजिन निवतं आणि मालकाने सहज चावी फिरवली तर पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होते. दोन्ही तटांना आपलंच खरं ठरल्यासारखं वाटतं. मालक मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन निघतो आणि चेंबूर नाक्याला पुन्हा थांबतो.

अशा दोषाला गॅरेजात ‘गरम झाल्यावर बंद पडते’ एवढंच म्हणतात. या वर्णनात निदानाचा अर्धा भाग येऊन जातो, पण बहुतेक जण तिकडे लक्ष देत नाहीत. गाडी गॅरेजात येते ती थंड होऊन. थंड गाडीवर केलेल्या सगळ्या तपासण्या पास होतात. मग काहीतरी करायला हवं म्हणून प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असं सगळं एकदम बदललं जातं. इग्निशनचा दोष सुट्या भागात बसलेला असतो हे खरं, पण तो दिसतो मात्र ठरावीक परिस्थितीतच: उष्णता, दाब, ओल, हादरे. ती परिस्थिती उभी केल्याशिवाय केलेली तपासणी म्हणजे ताप उतरल्यावर लावलेला थर्मामीटर.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेली ही गाडी: चार सिलिंडर, 1798 सीसी, दोन एसयू कार्बोरेटर आणि लुकासचा डिस्ट्रिब्युटर. या लिंक रोडलगतच्या गोवंडीत अशी गाडी रोज दिसत नाही, हे मान्य. पण तिच्या बॉनेटखाली जे इग्निशन आहे ते इथल्या जुन्या मेकॅनिकला पाठ असतं, कारण तत्त्वाने तेच इग्निशन प्रीमियर पद्मिनीत होतं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला, म्हणजे गोवंडीहून हार्बर लाइनवर तीन स्टेशनांवर होता. तिथून निघालेली 1089 सीसीची फियाट 1100 आणि पुढची पद्मिनी ही मुंबईच्या मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्यांची शाळा होती. स्पोर्ट्‌स कार दिसायला कितीही परदेशी असली, तरी पॉइंट उघडण्या-मिटण्याचा खेळ दोन्हीकडे एकच, आणि फायरिंग ऑर्डरही एकच, 1-3-4-2.

तो खेळ नीट समजला तर पुढचं सगळं सोपं जातं. बॅटरी बारा व्होल्टची. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायला लागतात दहा-वीस हजार व्होल्ट. मधली उडी मारते कॉइल. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे असतात: एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा आणि दुसरा केसासारख्या तारेचा, हजारो फेऱ्यांचा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असताना जाड वेढ्यातून साधारण चार अँपिअर करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडताच करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि त्या कोसळण्यातून बारीक वेढ्यात प्रचंड व्होल्टेज उसळतं. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. नवशिक्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

यामागचा नियम मायकेल फॅरडेने 1831 मध्ये सांगितला. मोटारीसाठी तो बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशा रूपात बसवला तो अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने, 1910 च्या सुमारास, आणि कॅडिलॅकने तो आधी उचलला. केटरिंगच्या कंपनीचं नाव डेल्को. आपल्याकडे कित्येक गॅरेजांत डिस्ट्रिब्युटर कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला डेल्कोच म्हणतात, त्यामुळे पुढे मीही तेच म्हणेन.

आता कंडेन्सर. डेल्कोला चिकटलेला हा छोटासा डबा बहुतेकांना शोभेचा वाटतो. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंटला थांबायचं नसतं. तो उघडणाऱ्या फटीतूनच उडी मारायला बघतो. तसं झालं तर करंट झटक्यात तुटत नाही, रेंगाळत तुटतो, चुंबकत्वही रेंगाळत कोसळतं आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी पडते. शिवाय पॉइंट जळतात ते वेगळंच. कंडेन्सर हा करंट क्षणभर स्वतःत सामावून घेतो आणि तोड स्वच्छ करतो. त्याची क्षमता मायक्रोफॅरडच्या एक पंचमांशाइतकी, पण तो गेला की गाडी गेली. आणि तो जाण्याची आवडती वेळ म्हणजे तापल्यावर. आतला जोड उष्णतेने सैल होतो, थंड झाला की पुन्हा टेकतो. कॉइलच्या बारीक वेढ्याचंही असंच: तापला की आतलं इन्सुलेशन हार मानतं, निवला की शहाण्यासारखा वागतो.

आकडे बघितले की या व्यवस्थेवरचा ताण कळतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर दोन फेऱ्यांत चार ठिणग्या लागतात. 6000 आरपीएमला सेकंदाला 200 ठिणग्या होतात. प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला पाच मिलिसेकंद येतात आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेले असतात. या सव्वातीन मिलिसेकंदांत कॉइलने भरायचं असतं. ती पुरती भरतच नाही. आयडलिंगला तिच्याकडे याच्या सात-आठपट वेळ असतो. म्हणून चाचपडत चालणारी गाडी सिग्नलला छान वाटते आणि उड्डाणपुलावर ताणली की मिसिंग करते. पॉइंटची फट एमजीबीला 0.35 ते 0.40 मिलिमीटर सांगितलेली आहे. ती चुकून मोठी राहिली तर पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ कमी होतो आणि वरच्या वेगात ठिणगी दुबळी पडते. उलट पॉइंटची फायबरची टाच झिजली की फट आपोआप लहान होत जाते आणि टाइमिंग मागे सरकतं. गाडी ‘म्हातारी झाली’ असं आपल्याला वाटत असतं तेव्हा पुष्कळदा ही टाचच म्हातारी झालेली असते.

मग रस्त्यावर उभी राहिलेली गाडी. पहिला प्रश्न तोच, करंट की पेट्रोल? याचं उत्तर गाडी थांबण्याच्या आधीच्या चार-पाच सेकंदांत मिळून गेलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन धापा टाकतं, मध्येच जीव धरतं, पुन्हा सोडतं. करंट गेला तर बटण बंद केल्यासारखं एकदम शांत होतं. 1964 नंतरच्या एमजीबीत याहून नेमका साक्षीदार आहे: आरपीएमचा काटा. तो इलेक्ट्रॉनिक असतो आणि कॉइलच्या करंटवरच चालतो. गाडी गिअरमध्ये वेगात आहे, चाकं इंजिन फिरवताहेत, तरीही काटा धाडकन शून्यावर आला, तर कॉइलच्या जाड वेढ्याचा मार्ग कुठेतरी तुटला आहे: चावी, वायर, पॉइंट यांपैकी काहीतरी. काटा चाकांच्या गतीनुसार हळूहळू उतरत असेल आणि इंजिन मात्र ओढत नसेल, तर हा मार्ग ठीक आहे. मग दोष पेट्रोलमध्ये किंवा कॉइलच्या पुढे, म्हणजे मोठ्या व्होल्टेजच्या बाजूला. एक पैशाचं हत्यार न उचलता निम्मी गाडी संशयातून सुटली. मात्र ड्रायव्हरने त्या क्षणी काट्याकडे बघितलं असलं पाहिजे. बहुतेक जण आरशात मागचा ट्रक बघत असतात, आणि लिंक रोडवर त्यांना दोष देता येत नाही.

पेट्रोलच्या बाजूचा संशय अगदीच निराधार नसतो. उन्हात इंजिन बंद केलं की बॉनेटखालचं तापमान आणखी चढतं आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते. एमजीबीचा पंप मागच्या बाजूला, विजेवर चालणारा. चावी लावली की टकटक करतो आणि कार्बोरेटर भरला की गप्प बसतो. तो गप्प बसला, तर निदान त्याच्या मते पेट्रोल पोचलं आहे. तो अखंड टकटकत राहिला, तर टाकीत पेट्रोल नाही किंवा पाइपात हवा शिरली आहे.

करंटकडे वळल्यावर हातात टेस्ट लॅम्प हवा. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा. मल्टिमीटर असला तरी हा दिवा बरा, कारण बल्ब खरा करंट मागतो. गंजलेल्या जोडातून मल्टिमीटरला बारा व्होल्ट दिसतात, बल्ब लावला की ते बारा व्होल्ट गायब होतात. चिमटा इंजिनाला, टोक कॉइलच्या त्या पिनला जिथे चावीकडून वायर येते. लुकासच्या गाड्यांत ही वायर पांढरी असते. दिवा पेटला तर इथवर ठीक. मग टोक कॉइलच्या दुसऱ्या पिनला, जिथून काळी रेघ असलेली पांढरी वायर डेल्कोकडे जाते, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. दिवा उघडझाप करायला हवा: पॉइंट उघडे तेव्हा पेटलेला, मिटले की विझलेला. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही करंट जमिनीला पोचत नाही. पेटलाच नाही तर कॉइलचा जाड वेढा तुटलाय, नाहीतर डेल्कोत काहीतरी कायम अर्थ झालंय, बहुधा कंडेन्सर.

‘मिटूनही करंट जमिनीला पोचत नाही’ या प्रकाराने भल्याभल्यांना रडवलं आहे. डेल्कोच्या आत पॉइंट एका पातळ प्लेटवर बसतात आणि ती प्लेट व्हॅक्यूम ॲडव्हान्सने, म्हणजे इंजिनाच्या ओढीनुसार टाइमिंग पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेने, इकडेतिकडे फिरते. फिरणारी असल्यामुळे तिचा अर्थ खात्रीचा राहावा म्हणून तिला कापडी वेष्टनाची एक इवलीशी लवचीक वायर जोडलेली असते. वर्षानुवर्षं हलून हलून ही वायर आतून तुटते, वरचं कापड मात्र शाबूत राहतं. बघितलं तर सगळं जागच्या जागी. प्लेट एका स्थितीत असताना तुटकी टोकं टेकतात, गाडी चालते. ॲक्सिलरेटर कमीजास्त केला, प्लेट सरकली, की टोकं सुटतात, गाडी झटका मारते. माणसं अशा गाडीचे दोन्ही कार्बोरेटर उघडून धुतात, सुया बदलतात. उपाय एकच: वायर दोन्ही बाजूंनी हलकेच ओढून बघायची. अखंड वायर ताणाला ताठ राहते, आतून तुटलेली रबरासारखी लांबते.

इथवर कमी व्होल्टेजची बाजू झाली. पुढच्या बाजूची लोकप्रिय तपासणी सगळ्यांना माहीत आहे: प्लग काढा, वायरीला लावा, धातूला टेकवा, सेल्फ मारा, ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ असं जाहीर करा. ही तपासणी जेवढी नाट्यमय तेवढीच फसवी आहे. फ्रेडरिश पाशेन याने 1889 मध्ये दाखवून दिलं की वायूतून ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज फट आणि वायूचा दाब या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरला ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट लागतात. प्लगची फट 0.64 मिलिमीटर, म्हणजे बाहेर दोन हजारांच्या आसपास भागतं. मरायला टेकलेली कॉइलसुद्धा एवढं देते. सिलिंडरमध्ये तीच फट आठ-नऊपट दाबलेल्या मिश्रणात बुडालेली असते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मिश्रण आणखी दाट भरतं. तिथे दहा हजार आणि त्याहून जास्त लागतात. म्हणून बाहेर ठिणगी उडाली यावरून आतही उडते असं काहीच सिद्ध होत नाही. कॉइलची मधली जाड वायर डेल्कोच्या टोपीतून काढून तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा, आणि एवढी फट ओलांडून निळी, कडकडणारी ठिणगी येते का ते बघा. वायर धरायला इन्सुलेटेड पक्कड हवी, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नसावं. पुढे ज्या इलेक्ट्रॉनिक गाडीचा उल्लेख येईल तिच्यावर ही कसरत मुळीच करू नये, त्यात मॉड्यूल जळू शकतं.

आणि ही ठिणगी गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच बघायची. इथे वादावादीची एक सवय घात करते. सगळे बॉनेटभोवती जमतात आणि चावी ‘ऑन’च राहते. इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले असतील तर कॉइलमधून चार अँपिअर अखंड वाहत राहतात. बारा व्होल्ट गुणिले चार, म्हणजे 48 वॉटचा हीटर. आधीच तापलेली कॉइल आणखी शिजते. हात लावून बघा: कॉइल गरम असतेच, पण हात ठेवता येत नसेल तर तिच्याकडे संशयाने बघायला हरकत नाही.

मुंबईत पहिल्या पावसाचा दोष याच बाजूचा असतो. ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारी हवा डेल्कोच्या टोपीवर आणि वायरींवर बारीक थर चढवते. कोरड्या दिवसांत तो निरुपद्रवी. जूनमध्ये ओला झाला की वीज प्लगकडे न जाता टोपीच्या पृष्ठभागावरून वाट काढते, आणि एकदा वाट काढली की तिथे कोळशाची रेघ पडते. ती कायमची वाट. हे पकडायला उजेड उपयोगाचा नाही, अंधार हवा: रात्री इंजिन सुरू ठेवून बॉनेट उघडायचं, वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि निळ्या रेघा कुठे नाचतात ते बघायचं.

पद्मिनीच्या टॅक्सीवाल्यांना हा धडा आणखी एका मार्गाने मिळाला. 2000 च्या आसपास मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. पेट्रोल-हवेच्या मिश्रणापेक्षा सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. जी कॉइल, ज्या वायरी पेट्रोलवर निमूटपणे चालत होत्या त्या गॅसवर मिसिंग करू लागल्या. दोष गॅसच्या किटचा नव्हता, तो आधीपासून गाडीत होता, गॅसने फक्त उघडा पाडला. 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली, पण डेल्को कानाने ऐकून सांगणारी माणसं अजून आहेत. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाने त्यांना शोधावं. चकचकीत सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने पॉइंट कधी पाहिलेलेच नसतात.

सुटे भाग ही वेगळी डोकेदुखी. आज बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर जुन्या मूळ भागांपेक्षा कमी टिकतात, ही जगभरच्या एमजी मालकांची तक्रार आहे. रोटर म्हणजे डेल्कोच्या टोपीखाली फिरून एकेका प्लगला वीज वाटणारा तुकडा. निकृष्ट रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि वीज त्या रिव्हेटमधून खालच्या शाफ्टमध्ये उतरते. प्लगला काहीच मिळत नाही. म्हणून नवा भाग बसवूनही गाडी सुरू झाली नाही, तर तो भाग निर्दोष धरून पुढे जाऊ नये. कुर्ल्याच्या जुन्या मार्केटमध्ये मिळालेला वापरलेला पण चालू भाग पेटीतल्या नव्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

पॉइंट नसलेल्या गाड्या वेगळ्या, असं वाटेल. आपल्या जवळचंच उदाहरण सॅन स्टॉर्मचं आहे: 1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्‌स कार, 1149 सीसीचं रेनोचं इंजिन, फायबरग्लासची बॉडी. इंजेक्शन आणि कॉम्प्युटर असलेल्या अशा इंजिनात पॉइंटचं काम क्रँकजवळचा सेन्सर करतो. तो म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार, आणि तापल्यावर ती तारही तुटते, निवल्यावर जुळते. लक्षण तेच: गरम झाल्यावर बंद पडते. इथेही आरपीएमचा काटा बघायचा. सेल्फ मारताना तो जागचा हललाच नाही तर संशय सेन्सरवर. फायबरग्लासची आणखी एक गोम आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच परतीची वायर असते. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक अर्थची वेगळी वायर चासीपर्यंत न्यावी लागते, आणि पंचवीस वर्षांच्या दमट हवेत त्यातला एखादा जोड हिरवा पडतोच. कॉम्प्युटर बदलण्याआधी इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी या दोन जाड वायरींची टोकं काचकागदाने घासून घ्यावीत. खर्च काचकागदाचा.

समजा, कंडेन्सर बदलला आणि गाडी सुरळीत झाली. काम झालं? अजून नाही. कंडेन्सर बदलताना डेल्कोची टोपी निघाली, वायरी हलल्या, नट पुन्हा आवळले गेले. त्यातल्या कशाने गाडी सुधारली हे ठरलेलं नाही. खात्री करायची तर जुना कंडेन्सर परत बसवायचा, नवा डिकीत ठेवायचा आणि तशाच दुपारी तोच लिंक रोड धरायचा. त्याच ठिकाणी गाडी पुन्हा बंद पडली तर दोष सापडला. नाही पडली तर तो अजून गाडीतच आहे. चालती गाडी मुद्दाम बिघडवायला एकही गॅरेजवाला तयार होत नाही आणि मालक तर त्याहून नाही. त्यामुळे ही तपासणी सहसा कुणी करत नाही आणि जुना कंडेन्सर दुसऱ्याच दिवशी भंगारात जातो.